रॉबिन या नावाची चौकशी

अल कुसैस, दुबई
५ जानेवारी १९९५

ती. गुणामामांस सुचित्राचा साष्टांग नमस्कार.

तुमचं नव्या वर्षाचं कार्ड ह्यांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर पोचलं. इथे दारात पोस्टमन येतच नाही, त्यामुळे आलेलं प्रत्येक पत्र आधी ऑफिसात जातं आणि मग हे घरी आणतात.

अक्षर बघून हसू नका. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. बाथरूममध्ये साबणावरून पाय घसरला आणि बोटं दारात सापडली. सहाव्या महिन्यात मी जरा जास्तच वेंधळी झाले आहे, असं हे म्हणतात.

एक काम आहे तुमच्याकडे. ह्यांनी बाळाचं नाव ठरवलं आहे: रॉबिन. ह्यांच्या एअर कंडिशनिंग कंपनीत ज्या नव्या मॅनेजर मॅडम आल्यात त्यांचं ते नाव. मला वाटायचं हे पुरुषाचं नाव. पण तिकडे म्हणे बाई-पुरुष दोघांनाही चालतं. म्हणजे मुलगा होवो की मुलगी, आपल्याला दुसरं शोधायला नको. मॅडमनाही बरं वाटेल, आणि जूनमध्ये प्रमोशनची यादी लागते.

पण मिरजेला आईला कळवलं की ती पहिलं विचारणार, "अर्थ काय गं याचा? आणि आलं कुठून?" आपल्या घराण्यात तुमच्याइतकं इंग्रजी कुणी वाचलेलं नाही, तेही सातवीत शाळा सोडून. तेव्हा जरा चौकशी करून कळवाल का?

फोन मात्र करू नका. ह्यांना पत्रच आवडतं. पत्र दोघांनाही वाचता येतं.

आपली,
सुचित्रा


रास अल खैमा
१४ जानेवारी १९९५

चि. सौ. सुचित्रा हिस अनेक आशीर्वाद. विलासरावांना नमस्कार.

अगं पोरी, बोटं सांभाळ! चिंचेच्या शेंड्यावरून कधी घसरली नाहीस आणि बाथरूममध्ये पडतेस म्हणजे कमाल झाली. इथल्या बाजारात एक रबरी मॅट पाहिली, खालून चोखण्यासारखी पकड घेणारी. पंधरा दिरहम म्हणजे आपले सव्वाशे रुपये झाले, पण घेऊन टाकली. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो.

आता तू विचारलेलं नाव. आमच्या सिमेंटच्या भट्टीवर एक इंग्रज इंजिनीयर आहे, त्याला स्टोअरमध्ये बसवून चहा पाजला आणि सगळं काढून घेतलं. घरी जाऊन माझी जाडी डिक्शनरीही पाहिली. ऐक. रॉबिन हे मुळात स्वतंत्र नावच नव्हे. रॉबर्टचं लाडाचं रूप आहे, जसा पांडुरंगाचा पांडू आणि गुणवंताचा मी गुणा. रॉबर्टमध्ये जुन्या जर्मन बोलीतले दोन शब्द आहेत, एकाचा अर्थ कीर्ती आणि दुसऱ्याचा झळाळता. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे लढवय्ये नऊशे वर्षांपूर्वी जहाजांतून इंग्लंडवर चालून गेले, कापाकापी करून राज्य घेतलं, आणि त्यांच्याबरोबर हे नाव तिथे उतरलं. म्हणजे आलं ते तलवारीबरोबर आणि राहिलं ते शेतकऱ्यांच्या घरात. पुढे फार उशिरा, आपल्या आजोबांच्या वेळेपासून म्हण, मुलींनाही ठेवू लागले.

तिथे या नावाचा एक चिमणीएवढा पक्षी असतो. मला वाटलं पक्ष्यावरून माणसाला नाव पडलं. तर नाही, उलटं! पक्ष्याचं नाव होतं नुसतं तांबडछात्या. लोकांनी लाडाने त्याला माणसाचं नाव दिलं, आपण पोपटाला मिठू म्हणतो तसं. साहेबाकडे नाताळचं कार्ड आहे, त्यावर तो बर्फात बसलाय, छातीवर शेंदूर फासल्यासारखा. मी म्हटलं, किती गोड! साहेब हसायलाच लागला. म्हणाला, याच्यासारखा मारकुटा पक्षी आमच्याकडे दुसरा नाही. आपल्या कुंपणात आपल्याच जातीचा दुसरा आला की त्याच्या डोक्यात चोच घालून मारतो. कुणीतरी नुसता लाल पिसांचा झुबका तारेवर अडकवून पाहिला, ना चोच ना डोळे, तरी हा त्याच्या चिंध्या होईपर्यंत टोचत राहिला. आणि हिवाळ्यात मादीसुद्धा आपलं वेगळं कुंपण धरते म्हणे, नरासारखीच गाते आणि नरासारखीच भांडते. दोघांची छाती सारखीच तांबडी, बघून ओळखता येत नाही.

तेव्हा विलासराव, नाव ठेवा खुशाल, पण सांभाळून! बाहेर दिसायला इतका गोंडस आणि घराच्या हद्दीत रक्त काढणारा, असा हा मामला आहे!

तुझा,
गुणामामा


अल कुसैस
२७ जानेवारी १९९५

मामा,

हे पत्र विलासने वाचलेलं नाही. समोरच्या दारातल्या हमीदाभाभीच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय, आणि तिचा नवरा अन्वरभाई ते पोस्टात टाकणार आहे. म्हणून लहानपणासारखं 'तू' म्हणते. मागच्या पत्रातलं 'तुम्ही' त्याने समोर बसून घालायला लावलं होतं. त्या पत्रातलं सगळंच.

रबरी मॅट पाठवू नकोस मामा. मी घसरले नव्हते. बेडरूमचं दार त्याने माझ्या बोटांवर मिटलं. सावकाश मिटलं, माझ्याकडे बघत. आमटीत मीठ जास्त झालं होतं. की कमी, आता आठवत नाही.

तुझं पत्र त्याने मला मोठ्याने वाचायला लावलं. पांडू, मिठू, तांबडछात्या, इथवर हसत होता. 'घराच्या हद्दीत रक्त काढणारा' इथे त्याचं हसू थांबलं.

"तुझ्या मामाला हे कोण सांगतं गं?"

"पक्ष्याबद्दल आहे ते."

"पक्ष्याबद्दल!" असं म्हणून त्याने माझा अंबाडा धरला आणि कपाळ फ्रिजच्या दारावर आपटलं. तीनदा. मग बर्फही त्यातूनच काढून दिला. "लाव. सूज दिसायला नको, गुरुवारी पार्टी आहे."

पार्टी त्याच्या ऑफिसची होती. तिथे रॉबिन मॅडम माझ्याजवळ आल्या. पन्नाशीच्या आहेत, केस आखूड. माझी बोटं हातात घेऊन विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, बाथरूम. त्या म्हणाल्या, "माझी आईसुद्धा बाथरूममध्ये फार पडायची." हे बोलताना त्या माझ्याकडे नाही, विलासकडे बघत होत्या.

 घरी आल्यावर त्याने खिडक्या लावल्या, टीव्हीचा आवाज वाढवला आणि पट्टा काढला. बक्कलाच्या बाजूने. मी गुडघे पोटाशी घेऊन कपाटाला टेकून पडले, म्हणजे बाळाला लागू नये. पाठीला नऊ ठिकाणी फुटलंय, हमीदाभाभीने मोजलं. आता ते नाव घरात काढायचं नाही. काढलं तर जीभ छाटीन म्हणतो. प्रमोशन गेलं, ते म्हणे माझ्या बोटांमुळे.

आता नीट ऐक. तो म्हणतो, बाळ जन्मलं की ते त्याच्या पासपोर्टवर चढवणार. मग मी कुठेही जावं, पण एकटीने. म्हणून मला त्याआधी निघायचंय, बाळ पोटात आहे तोवर. आठवा सरत आला की विमानात घेत नाहीत. माझा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या कपाटात आहे. बाळंतपणाचं नाव घालायला हॉस्पिटल मूळ पासपोर्ट मागतं, त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यावर तो एक दिवस घरी येईल. त्याच दिवशी.

तोवर तू दोन पत्रं लिहीत जा. गोड पत्र विलासच्या बॉक्सवर, काही कळलंच नाही असं. खरं पत्र अन्वरभाईच्या बॉक्सवर, नंबर खाली दिलाय. बुधवारपासून रोजे लागतील. भाभी रोज इफ्तारची थाळी आमच्याकडे देते, रुमालाखाली तुझं पत्र आणेल.

पोलिसांत जा म्हणू नकोस. गेले तर परत त्याच घरी यायचंय.

सुची


रास अल खैमा
४ फेब्रुवारी १९९५

सुची,

वाचलं. तीनदा वाचलं. मग स्टोअरला आतून कडी लावून बसलो.

हे स्थळ मी आणलं. शारजात गणपतीत त्याला पाहिलं. आरती खणखणीत म्हणत होता. एवढ्यावर मी तुला देऊन टाकलं. मूर्ख मी.

आता ऐक. पासपोर्ट घरी आला की हमीदाभाभीला फोन करायला सांग. मी दोन तासांत पोचतो. तिकीट मी काढतो. बॅग भरू नकोस. अंगावरच्या कपड्यांनिशी नीघ. थाळी परत द्यायला जातेय असं सांग. मी खाली टॅक्सीत असेन. तो आडवा आला तर त्याचा हात मोडीन. माझं वय एकोणसाठ आहे. पन्नास किलोचं पोतं अजून उचलतो.

तोवर उलट बोलू नकोस. पोट सांभाळ. मार पाठीवर घे.

हे मी तुला लिहितोय. तुझा मामा. देवा.

गुणा


रास अल खैमा
४ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. सुचित्रा व श्री. विलासराव यांस आशीर्वाद.

मागच्या पत्रात पक्ष्यांचं पाल्हाळ लावलं त्याबद्दल हसू नका. म्हाताऱ्याला डिक्शनरी मिळाली की तो असाच वाहवत जातो. कीर्ती आणि झळाळी हा नावाचा खरा अर्थ, तोच लक्षात ठेवा, बाकी सगळी गंमत. शेवटी बाळाच्या आईवडिलांना जे गोड वाटेल ते आम्हाला गोड.

इकडे सगळं ठीक. रोजे सुरू झाल्यामुळे कामाच्या वेळा आखूड झाल्यात, स्टोअर तीनला बंद होतं. संध्याकाळी समुद्राकडे फेरी मारतो. विलासराव, सुचित्राला दूध घ्यायला लावा, लहानपणापासून तिला त्याचा कंटाळा.

गुणामामा


दुबई
९ फेब्रुवारी १९९५

आदरणीय मामा,

स. न. वि. वि.

आपलं ४ तारखेचं पत्र माझ्या ऑफिसच्या बॉक्सवर मिळालं. मोकळेपणाने लिहिलंत, आनंद वाटला. आपल्या हस्ताक्षराचं मला नेहमीच कौतुक आहे. सुचित्राला मी ते अजून दाखवलेलं नाही. असं पत्र एकट्याने वाचण्यात मजा नाही.

येत्या रविवारी, १२ तारखेला, संध्याकाळी सहा वाजता आमच्याकडे जेवायला यावं. पासपोर्ट मी मुद्दाम घरी आणून ठेवतो, म्हणजे आपल्याला तो डोळ्यांनी बघता येईल. माझा हात मोडण्याबद्दल आपण लिहिलं आहे, त्यासाठीही वेळ काढू.

आपण येईपर्यंत पत्राचं वाचन आम्ही दोघं सुरू करू.

आपला जावई,
विलास


अल कुसैस
११ फेब्रुवारी १९९५

मामा,

आज थाळीखाली तुझं पत्र आलं. उघडलं तर वर 'सुचित्रा व विलासराव यांस'. गोड पत्र इथे आलं. मग दुसरं कुठे गेलं?

 विलासने दोन दिवसांत हात उगारला नाही. काल बालुशाही आणली. आज म्हणाला, "उद्या लवकर येतो, पासपोर्टही आणतो, हॉस्पिटलचं काम उरकून टाकू." आणि मग म्हणाला, "तुझ्या मामाला खूप दिवसांत पाहिलं नाही, नाही का?"

मामा, मला त्याच्या पट्ट्याची इतकी भीती वाटली नव्हती, जितकी या बालुशाहीची वाटतेय.

भाभीने तुझ्या फॅक्टरीत दोनदा फोन लावला, स्टोअरमध्ये कुणी उचलत नाही. म्हणून अन्वरभाई ही चिठ्ठी रास अल खैमाच्या टॅक्सीवाल्याबरोबर पाठवतोय. उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल, इन्शाल्ला.

ये.

सुची


पोलीस कोठडी, दुबई
१८ फेब्रुवारी १९९५

सुची बाळ,

कागद आणि पेन अन्वरभाईने आणून दिलं. हे पत्र तोच तुझ्याकडे हॉस्पिटलात आणेल. वाचून झालं की फाडून टाक, संडासात.

तू त्याच्याजवळ निरोप दिलास की तू विमानात बसणार नाहीस, उठून पोलिसांकडे जाणार आणि खरं सांगणार. तुला शपथ आहे. खाली लिहितो तेवढंच घडलं. पाठ करून टाक.

रविवारी दुपारी मला एकाच वेळी दोन पत्रं मिळाली, तुझी चिठ्ठी आणि जावयाचं आमंत्रण. मी टॅक्सी केली. सव्वापाचला तुमच्या मजल्यावर पोचलो. दार ढकलून आत गेलो, तो तुला मारत होता. मी ओट्यावरचा लोखंडी बत्ता उचलला. आधी त्याच्या उजव्या हातावर घातला, मग डोक्यावर. तू कोपऱ्यात बेशुद्ध होतीस. तू काही पाहिलं नाहीस.

खरं काय ते तुला माहीत आहे आणि मला. दार उघडं होतं. तो वॉशिंग मशीनपाशी पडला होता, हात कोपरातून उलटा, डोक्याखाली रक्त पसरत चाललेलं. तू त्याच्यावर उभी होतीस, एक हात पोटाखाली आणि दुसऱ्यात बत्ता, कानातून रक्त गळतंय. तू मला ओळखलं नाहीस. बत्ता माझ्यावरही उगारलास. मी म्हटलं, "सुची, मी आहे." तेव्हा बोटं सैल केलीस. मग त्याच्या खिशातून पासपोर्ट मी काढला, बत्त्याची मूठ माझ्या सदऱ्याला पुसली, आणि हमीदाभाभी जिन्यात ओरडत होती तिला सांगितलं, "मैंने मारा."

आता गंमत ऐक. तो शुद्धीवर आला. कवटीला चीर आहे, जगेल. पोलिसांनी जबानी घेतली. मला वाटलं, आता हा तुझं नाव घेणार. तर त्याने सांगितलं, बायकोच्या मामाने मारलं! सात महिन्यांच्या पोटुशी बायकोने लोळवलं हे त्या माणसाच्या तोंडून निघेना. ऑफिसात काय सांगणार? लग्नापासून आज पहिल्यांदा मी आणि जावई एका शब्दाने बोललो. दोन खोट्या जबान्या इतक्या चपखल जुळल्या की पोलीस साहेबाला तिसरी घ्यावीशी वाटली नाही. तू मध्ये बोललीस तर दोन्ही कोसळतील. तू इथे आत, बाळ इथे आत जन्मणार, आणि मग ते कुणाच्या हातात देतील सांग. खलास. बोलायचं नाही.

माझं काय व्हायचं ते होवो. वकील म्हणतो, काही महिने आणि मग कायमचं मायदेशी. तसंही यंदा निवृत्तच होत होतो.

एक मात्र तुला माहीत व्हायला हवं. ती पत्रं कशी उलटी गेली. एकोणीस वर्षं स्टोअर सांभाळलं, माझी पद्धत एकच: आधी खणाला लेबल, मग त्यात माल. तशीच दोन पाकिटं समोर ठेवून आधी पत्ते लिहिले. मग पत्रं भरली. त्या वेळी माझ्या डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, एवढंच म्हणतो. एकोणीस वर्षांत एक बोल्ट चुकीच्या खणात टाकला नाही, आणि तुझा जीव टाकला. तुझ्या पाठीवर त्या दिवशी जे पडलं ते माझ्या हातचं आहे. तेव्हा मी आत बसलोय ते तुझ्यासाठी बसलोय असं समजू नकोस.

रॉबिन मॅडम रोज तुझ्याजवळ येऊन बसतात, हे अन्वरने सांगितलं. विमान कंपनीसाठी डॉक्टरचं पत्र त्यांनीच मिळवलंय. सोमवारी त्या तुला विमानतळावर नेतील. त्यांचं ऐक. जा.

मामा


मिरज
२२ मे १९९५

मामा,

हे पत्र अन्वरभाईच्या बॉक्सवर पाठवतेय. तो भेटीच्या दिवशी तुला देईल.

२६ एप्रिलला मुलगी झाली. सव्वादोन किलो. रडते मात्र चार किलोच्या बाळासारखी. माझ्या डाव्या कानाने आता ऐकू येत नाही, म्हणून तिला उजव्या बाजूला घेऊन झोपते.

तू शपथ घातली होतीस. पहिले अडीच महिने पाळली. इथे सगळ्यांना वकिलाच्या पत्रातलं माहीत होतं, तेवढंच. गल्लीत लोक म्हणत होते, गुणवंताने म्हातारपणी जावयाचं डोकं फोडलं, दुबईचं पाणी चढलं त्याला. आई, तुझी सख्खी बहीण, तुझा फोटो भिंतीवरून उतरवून ट्रंकेत घालायला निघाली होती. मी गप्प बसले.

मग बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजवला होता, बायका जमल्या होत्या, आणि पायऱ्यांवर विलासचा थोरला भाऊ उभा. बरोबर बायको आणि एक वकील. सरळ आत आला, पाळण्याला हात घातला आणि म्हणाला, "मूल आमचं आहे. नाव आमच्या घरी ठेवू. तुमच्या घराण्यात गुंड आहेत, हे तिकडच्या कोर्टाच्या कागदावर आलंय. अशा घरात आम्ही लेक ठेवणार नाही."

आईने मान खाली घातली. मामा, तुझ्यामुळे घातली. त्या कागदामुळे. तेव्हा मला कळलं, तुझ्या गप्प बसण्याने मी इथवर आले, पण माझ्या गप्प बसण्याने ही पोर जाणार.

मी त्याचा हात पाळण्यावरून उचलला. म्हटलं, "भाऊजी, बसा. तुमच्या भावाने त्या दिवशी काय केलं ते सांगते."

आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तुलाही सांगितलं नव्हतं ते. त्या रविवारी विलास चारला घरी आला. टीव्ही लावला. तुझं पत्र काढलं. म्हणाला, "मी वाचतो, तू ऐक." एक वाक्य वाचायचा, थांबायचा, आणि एक फटका मारायचा. दर वाक्याला एक. मामा, तू जन्मभर लांबलचक वाक्यं लिहिलीस, आणि त्याच एका पत्रात इतकी छोटी लिहिलीस. मी पाठ वळवून पडले होते, तू सांगितलं होतंस तशी. 'तिकीट मी काढतो' इथे कान गेला. 'त्याचा हात मोडीन' इथे तो हसला आणि मला उताणं केलं. 'पोट सांभाळ' हे त्याने दोनदा वाचलं, आणि पाय उचलला.

तेवढ्यात माझ्या हाताला ओट्याखालचा बत्ता लागला.

"तुमच्या भावाचा हात मामाने मोडला नाही, भाऊजी," मी म्हटलं. "मी मोडला. मग डोकं. आणखी एक घालणार होते, तेवढ्यात मामा आला. तो गुंड नाही, तो फक्त माझ्या जागी आत बसलाय. आता तुम्ही मिरजेच्या कोर्टात या. मी हेच सांगते. मग तुमच्या भावाला पिंजऱ्यात उभं करून विचारू, सांग बाबा, सातव्या महिन्यातल्या बायकोने तुला लोळवलं की नाही? वर्तमानपत्रवाल्यांनाही बोलावू."

थोरला पाळण्यापासून मागे सरकला. त्याच्या बायकोने मात्र माझ्याकडे असं पाहिलं, मामा, की मला तिच्याही बोटांकडे बघावंसं वाटलं. वकिलाने फाइल मिटली. तो पायऱ्या उतरताना थोरल्याला म्हणत होता, "हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." चहा तसाच राहिला. परत आलेले नाहीत. तिकडून पत्रही नाही.

मग बायका म्हणाल्या, आत्या नाही, कानात नाव सांगणार कोण? मी म्हटलं, मीच. वाकले आणि सांगितलं: रॉबिन. आई म्हणाली, "अगं, त्याने ठरवलेलं नाव कशाला?" मी म्हटलं, त्याने ठरवलं आणि त्यानेच बंदी घातली. मधल्या दिवसांत ते आपल्या दोघांचं होतं. त्या घरातून तुझ्याशी बोलायला मला तेवढा एकच विषय होता. शेजारच्या सुजाताकाकू विचारतात, हे मुलाचं की मुलीचं? मी सांगते, दोघांचंही, फक्त भांडता यायला पाहिजे.

आई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तुझा फोटो ट्रंकेच्या वरून उचलून पुन्हा खिळ्याला लावला, आणि मला म्हणाली, "दुसरा बत्ता आणायला हवा घरात, तो तिकडेच राहिला."

तेव्हा तू सुटलास की सरळ घरी ये. मान खाली घालायचं कारण नाही. मिरजेत आता तुला कुणी गुंड म्हणत नाही, मला म्हणतात. परवा मंडईत मेथीच्या जुडीचा भाव विचारला, तर भाजीवालीने न मागता दोन जुड्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ताई, पैसं नंतर द्या."

तुझी,
सुची